लॉनचं कार्पेट दर वेळी महिन्याभरात पिवळं पडतंय? आधी कोपरा उचला

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसपुढे २० बाय १५ फुटांचं अंगण आहे, म्हणजे ३०० चौरस फूट. एवढ्याशा जागेत मी पावणेदोन वर्षांत तीन वेळा कार्पेट लॉन (नर्सरीत वाढवलेलं, मातीसकट तुकड्यांनी आणून अंथरायचं गवत) टाकलं आणि तिन्ही वेळा घालवलं. पहिलं डिसेंबरात, वास्तुशांतीच्या आधी घाईघाईने. दुसरं पुढच्या मे महिन्यात. मग वर्षभर नाद सोडला आणि त्यानंतरच्या जुलैत तिसरं. चौथं मात्र टिकलंय. ते फेब्रुवारीअखेर टाकलं होतं, आता त्याला दुसरा पावसाळा लागतोय. इंदिरानगरपासून मखमलाबादपर्यंत ओळखीतले बरेच जण हाच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

रड सगळ्यांची सारखीच असते. टेम्पोतून उतरतं तेव्हा कार्पेट हिरवंगार. पहिले पंधरा दिवस येणारा-जाणारा थांबून विचारतो, कुठून आणलं म्हणून. विसाव्या दिवसाच्या आसपास एक फिकट डाग दिसतो. महिना होईतो डागाचं पटांगण झालेलं असतं आणि गवत सुतळीसारखं कोरडं. नर्सरीवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "पाणी कमी पडलं ताई." पाणी वाढवलं आणि अजून बिघडलं, की "पाणी जास्त झालं ताई." मग पुन्हा नवं कार्पेट.

मी या चक्रात तीनदा फिरले, कारण तिन्ही वेळा मी उभ्यानेच बघत होते. आमच्या शेजारी दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार राहतात. तिसरं लॉन पिवळं पडायला लागलं, गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा ते फाटकातूनच म्हणाले, "ताई, पांढरी मुळी बघितली का?"

मी म्हटलं, "भाऊ, गवताची कसली मुळी बघायची?"

ते आत आले, डागाच्या कडेला दोन बोटं घातली आणि दीड-दोन फुटांचा अख्खा तुकडा तव्यावरून भाकरी काढावी तसा उचलून माझ्या हातात दिला. लावून दोन महिने होऊन गेले होते आणि तुकड्याच्या खाली एक मूळ शिल्लक नव्हतं. खालच्या मातीत करंगळीएवढ्या पांढऱ्या, गुबगुबीत, कोयत्यासारख्या वाकलेल्या अळ्या पडलेल्या होत्या, डोकं तांबूस. "हुमणी," ते म्हणाले, आणि त्यांनी नळाजवळचा दुसरा तुकडा उचलला. तोही सहज निघाला, पण तिथे अळी एकही नव्हती. मुळं होती, अर्धा इंच खाली गेलेली आणि मग चटईसारखी आडवी पसरलेली. एकाच अंगणात दोन वेगळे रोग होते, वरून दोन्हीचा रंग एकच, आणि मी दोन्हींवर पाणीच घालत होते.

कोपरा उचलायचा म्हणजे काय बघायचं

डाग दिसला की डागाच्या मध्ये जाऊ नका, तिथे सगळं मेलेलंच असतं. हिरवं जिथे संपतं आणि पिवळं जिथे सुरू होतं, त्या सीमेवर उचला. पाच बोटांत गवत धरून हळूच वर ओढायचं.

तुकडा जागचा हलला नाही, तर मुळं धरली आहेत. तुमचा प्रश्न वरचा आहे: खत, बुरशी, थंडी, कुत्रं, असलं काहीतरी. त्यात कार्पेट बदलायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

तुकडा निघाला आणि खाली मुळं आडवी वळलेली किंवा आखूड दिसली, तर खालच्या जमिनीत खोट आहे. तुकडा निघाला, मुळं कुरतडलेली आणि माती भुसभुशीत, तर हुमणी शोधा. एक फूट लांब-रुंद जागा चार इंच खोल उकरा, अळी असेल तर दिसतेच, लपायला तिला जागा नसते. तुकडा निघाला, मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास कुबट, तर पाणी तुंबतंय. आणि मुळं पांढरी, पण कोरडी, मातीला न टेकलेली, तुकड्याखाली पोकळी, असं असेल तर टाकतानाच दाबलेलं नाही.

नवीन कार्पेटवर हीच परीक्षा चौदाव्या दिवशी, डाग असो वा नसो, घ्यायचीच. दोन-तीन ठिकाणी हलकेच ओढून बघा. खाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळी उतरलेली दिसली पाहिजे. सिलेक्शन नंबर वन म्हणून जे मिळतं ते हरळीच्या कुळातलं, ते लवकर धरतं. मेक्सिकन गवत सावकाश चालतं, त्याला पाच आठवडेही लागतात, तेव्हा त्याच्या बाबतीत दोन आठवड्यांत घाबरून जाऊ नये.

नळाजवळचा कोपरा

आता आमच्या घरचीच गोष्ट. तिन्ही वेळा पिवळेपणा नळाजवळच्या कोपऱ्यातून सुरू झाला होता. मला वाटायचं, तिथे पाणी सांडतं म्हणून. मे महिन्यात तर मी त्या जागेला पाणी कमी दिलं, मुद्दाम. तिसऱ्या वेळी भाऊंनी घरून पहार आणली आणि त्या जागी मारली. 'टण्ण' असा आवाज आला. दोन इंच मातीखाली चार फूट व्यासाची सिमेंटची लादीच निघाली. बांधकाम चालू असताना गवंड्यांनी तिथे माल कालवला होता, कारण नळ तिथे होता. काम संपल्यावर उरलेला माल तसाच सुकला, त्यावर मुरूम पसरला गेला आणि मुरमावर लाल मातीचा एक थर मारून अंगण 'तयार' झालं. पहारीने फोडून ती लादी काढली तर आठ घमेली भरली.

नाशिकच्या नव्या वस्त्यांत बहुतेक अंगणांखाली असंच काहीतरी असतं: विटांचे तुकडे, टाइल्सच्या कपच्या, वाळूचा गाळ, सिमेंटची रिकामी गोणी. आमच्याकडे एक पूर्ण थापीही निघाली, मूठ अजून शाबूत. राडारोडा नुसता मुळांना अडवतो असं नाही. सिमेंटमधल्या चुन्यामुळे भोवतालची माती विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट, होते, आणि काळी माती तर मुळातच त्या बाजूला झुकलेली. अशा मातीत लोह असूनही गवताला ते उचलता येत नाही. मग पातं पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं चित्र दिसतं. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा वेळी युरिया टाकला तर आठ दिवस हिरवं होतं आणि परत पिवळं. चिलेटेड, म्हणजे गवताला उचलता येईल अशा रूपातल्या, लोहाची फवारणी पानावर केली तर फरक चार-पाच दिवसांत दिसतो. तो दिसला, म्हणजे दुखणं लोहाचंच होतं हेही कळतं. पण ती मलमपट्टी झाली. माती एकदा तपासून घ्या. गोवर्धनला मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

राडारोडा नसला तरी दुसरी एक अडचण उरते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कार्पेट ज्या मातीत वाढवलेलं असतं ती बहुधा चिकण लाल माती. तिचा अर्धा-पाऊण इंचाचा थर तुकड्याला चिकटूनच येतो. तो थर तुम्ही जाडसर मुरमावर अंथरला की पाणी वरच्या चिकण थरातच अडकून राहतं. ओला स्पंज भाजीच्या जाळीवर ठेवून बघा. जाळीला एवढी भोकं आहेत म्हणून स्पंज लगेच कोरडा होत नाही. तो पुरता भरेपर्यंत पाणी सोडत नाही. कार्पेटचं तेच होतं. वर चिखल आणि एक इंचाखाली कोरडं ठाक. मुळं तरी खाली कशाला जातील?

नुसती काळी माती असेल तर उलटं. पावसात ती फुगते, एप्रिलात भेगाळते आणि भेगेवरच्या कार्पेटची मुळं तुटतात. जोड उघडे पडतात ते त्यामुळे.

तुमच्याकडे कार्पेट आधीच टाकलेलं असेल आणि ते बरंचसं जिवंत असेल, तर सगळं उखडू नका. ओल असताना दाताळ्याने किंवा जाड काट्याने दर सहा इंचांवर चार इंच खोल भोकं पाडा आणि वाळू व चाळलेलं कंपोस्ट समसमान मिसळून ते भोकांत झाडूने लोटा. सहा आठवड्यांनी पुन्हा. माझ्या नणंदेच्या गंगापूर रोडच्या घरी असं दोनदा केल्यावर सुधारलं, पूर्ण नाही, पण नव्या कार्पेटचा खर्च वाचला. लांब स्क्रू-ड्रायव्हर ओल्या जमिनीत हाताने बोटभर पण जात नसेल, तर मात्र हा उपाय पुरायचा नाही.

चौथ्या वेळी खाली काय केलं

सहा इंच खोदून काढलं. ३०० चौरस फुटांत सहा इंच म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. तेवढंच परत भरायचं, म्हणून हिशेब सोपा ठेवला: एक ब्रास लाल माती, पाव ब्रास वाळू, पाव ब्रास पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. नदीची वाळू मिळाली नाही. धुतलेली क्रश सँड वापरली. क्रशरची भुकटी घेऊ नका, ती ओली होऊन पुन्हा सिमेंटसारखीच बसते. भरण्याआधी तळाचा मुरूम टिकावाने चार इंच हलवून घेतला आणि मिश्रणाचा पहिला थर त्यात कालवला, म्हणजे दोन मातींमध्ये एकदम धारदार रेघ राहत नाही. तीन घमेली सिंगल सुपर फॉस्फेट टाकायला निघालेल्या मजुराला वेळीच थांबवलं, एवढ्या जागेला किलो-दीड किलो पुष्कळ झालं.

उतार घरापासून फाटकाकडे, वीस फुटांत तीन इंच. आणि मातीची पातळी भोवतीच्या फरशीपेक्षा एक इंच खाली, कारण वर कार्पेटची जाडी येणार आहे. हे विसरलं की कडा फरशीच्या वर उचललेल्या राहतात, उन्हात फरशी तापते आणि कडेची चार बोटं गवत भाजून निघतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: दोन आठवडे काहीच करायचं नाही. नुसतं पाणी मारायचं. माती बसते, खड्डे कळतात आणि ट्रॉलीतून आलेला लव्हाळा उगवतो. तो नुसता वरून खुडला तर खालची गाठ तशीच राहते आणि परत फुटतो. मोकळ्या मातीत खुरप्याने गाठीसकट निघतो, कार्पेटखालून तो काढायचा तर कार्पेट फाडावं लागतं. मी त्या दोन आठवड्यांत पाटीभर गाठी वेचल्या. आमच्या सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि "ती बघ, ती बघ" करत बोट दाखवायच्या.

टाकायचा दिवस

दुसऱ्या वेळी, त्या मे महिन्यात, टेम्पो संध्याकाळी सहाला आला. माळीमामा म्हणाले, सकाळी लावू. रात्रभर तुकडे गवताला गवत लावून एकावर एक रचलेले होते, वरून ओलं पोतं. सकाळी ढिगाच्या मध्ये हात घातला तर नुकत्या उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारखं गरम लागलं, आणि आंबूस वास. वरचे आणि कडेचे तुकडे जगले, मधले चौकोनच्या चौकोन आठ दिवसांत तपकिरी झाले. त्यामुळे तुमच्या लॉनवर बुद्धिबळाच्या पटासारखे काही चौकोन पूर्ण मेलेले आणि शेजारचे ठणठणीत असतील, तर मातीला दोष देऊ नका, माल शिजलेला होता. सकाळीच मागवा, आल्या आल्या ढिगात हात घालून बघा, गरम असेल तर परत पाठवा.

लावायला सुरुवात फरशीच्या सरळ कडेपासून करावी. दुसरी ओळ अर्धा तुकडा पुढे सरकवून, गवंडी विटांचे जोड तोडतो तशी. तुकडे ताणायचे नाहीत. ताणलेला तुकडा सुकल्यावर आकसतो आणि फट पडते. कडेला कडा ढकलून बसवायची, फट राहिलीच तर वाळू-कंपोस्ट भरायचं. खालची माती ओलसर हवी, चिखल नको, आणि तापलेली तर अजिबात नको. प्रत्येक दोन-तीन ओळींनंतर लगेच पाणी. सगळं झाल्यावर रोलर. आमच्याकडे रोलर नव्हता, तर प्लायवूडची फळी टाकून मुलांना त्यावर उड्या मारायला लावल्या. काम झालं आणि मुलं अजून विचारतात, परत कधी टाकायचं लॉन.

दाबण्याचा हेतू एकच, मुळाला माती टेकली पाहिजे. खाली बोटभर पोकळी राहिली तरी वरचा तुकडा उन्हात दोन दिवसांत वाळतो.

पाणी

इथे मी सर्वांत जास्त चुकले होते आणि चूक आकड्यांत धरता आली.

पहिले दहा-बारा दिवस नियम निराळा. कार्पेटला स्वतःची मुळं नसल्यातच जमा असतात, म्हणून त्याचा थर आणि खालची इंचभर माती सतत ओलसर हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी एकदा आणि दुपारी एकदा हलकं. कडक ऊन असेल तर तीनदा. रोज एक कोपरा उचलून खालच्या मातीला बोट लावायचं, बोटाला ओल लागली पाहिजे, चिखल नाही. बाराव्या-चौदाव्या दिवशी मुळी दिसली की पाळ्या कमी करत जायच्या आणि एका वेळचं पाणी वाढवायचं. ही बदली न केल्याने अर्धी लॉनं मरतात. आपण पहिल्या आठवड्याची सवय वर्षभर चालवतो: रोज संध्याकाळी पाइप घेऊन पाच मिनिटं फिरायचं, मोबाइलवर बोलत.

हिशेब करून बघितला. आमच्या पाइपने १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते. पाच मिनिटं म्हणजे ७५ लिटर. ३०० चौरस फुटांवर ते पसरलं तर जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. वरचं गवत आणि पाव-अर्धा इंच माती ओली होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जाते. बसलेल्या लॉनला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ७०० लिटर, म्हणजे आमच्या पाइपने पाऊण तास. आठवड्यात तीन पाळ्या, प्रत्येकी पंधरा-सोळा मिनिटं. आता गंमत बघा, रोजच्या पाच मिनिटांनी मी आठवड्याला ५२५ लिटर घालतच होते. पाणी फार काही कमी नव्हतं. ते फक्त खाली कधी पोचलंच नाही, म्हणून मुळंही वरच राहिली. मे महिन्यात चौथी पाळी द्यावी लागते, हेही सांगून ठेवते.

पाणी सगळीकडे सारखं पडतंय का हे बघायला श्रीखंडाचे पाच-सहा रिकामे डबे अंगणात मांडा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि पट्टी बुडवून मोजा. आमच्याकडे भिंतीलगतच्या डब्यात इतरांच्या निम्मंही पाणी नव्हतं. त्या पट्ट्याला हाताने पाइप धरावा लागतो.

वेळ सकाळची. संध्याकाळचं पाणी रात्रभर पात्यावर राहतं आणि बुरशीचं फावतं. द्राक्षवाल्यांच्या गावात हे समजावून सांगायची गरज नाही खरं तर. भाऊंचं म्हणणं असं, की मूळ पाण्यात वाढत नाही, वाफशात, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेल्या मातीत, वाढतं. एक पाळी झाल्यावर पुढची देण्याआधी मातीत हवा शिरायला वेळ द्या. पाऊल टाकल्यावर गवत परत उभं राहत नसेल, ठसा तसाच दिसत असेल, तर पाण्याची वेळ झाली.

हुमणी दरवर्षी का येते

कार्पेट बदललं तरी हुमणी जात नाही, कारण ती कार्पेटमध्ये नसते, मातीत असते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतले तपकिरी भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पानं खातात, आणि मादी पुन्हा मातीत शिरून अंडी घालते. जूनअखेर-जुलैत अळ्या बारीक असतात आणि दिसत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या मोठ्या होऊन मुळं फस्त करतात, म्हणून आपल्याला गणपतीच्या आसपास कळतं. मग कोष, मग भुंगेरा, आणि तो पुढच्या पावसाची वाट बघत जमिनीतच बसतो. वर्षाला एक पिढी. म्हणजे सप्टेंबरात कितीही औषध ओतलं तरी आपण उशिरा पोचलेले असतो, मोठी अळी दाद देत नाही.

आमच्या फाटकासमोरच मोठा कडुनिंब आहे. आणि तिसऱ्या वेळी मी 'सेंद्रिय' म्हणून ट्रॉलीभर अर्धकच्चं शेणखत अंगणात मिसळलं होतं. हुमणीला पाटावर बसवून जेवायला वाढण्याचाच प्रकार तो. कच्च्या शेणखतातून अळ्या स्वतःही येतात आणि माद्यांनाही तिथेच यायला आवडतं. आता मी फक्त काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत घेते, आणि पाटीतलं खत फरशीवर ओतून बोटांनी चाळल्याशिवाय मातीत जात नाही.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवस रात्री आठच्या सुमारास कडुनिंबाच्या खालच्या फांद्या काठीने हलवायच्या, खाली पांढरी चादर, बाजूला साबणाच्या पाण्याची बादली. कॉलनीतली मुलं हे काम फुकटात आणि फार आनंदाने करतात. गेल्या वर्षी पहिल्याच रात्री अर्धी बादली झाली होती. जुलैच्या सुरुवातीला, माती ओली असताना, ढगाळ संध्याकाळी मेटारायझियम बुरशीचं औषध पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून झारीने जमिनीत मुरवायचं. ही बुरशी अळीला रोगी करून मारते, दोन दिवसांत चमत्कार दाखवत नाही. नंतर महिनाभर तिथे बुरशीनाशक फवारू नका, नाहीतर एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं. रासायनिक दाणेदार औषधंही मिळतात. लहान मुलं आणि मांजरं लोळतात त्या अंगणात मी ती टाकली नाहीत.

साळुंक्या आणि बगळे अचानक लॉनवर येऊन चोची मारायला लागले, तर त्यांना हाकलू नका. ते तुम्हाला जागा दाखवत असतात.

बाकीचे डाग

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आपल्या इथेही लॉन पिवळसर होतं. ही सगळी गवतं उष्ण हवेची, ती थंडीत झोपतात. ओढून बघा, हललं नाही तर सोडून द्या. पाणी कमी करा आणि खत अजिबात घालू नका. माझं पहिलं कार्पेट याच दिवसांत टाकलं होतं, त्याला मुळी सुटणार कशी?

गोल डाग, सकाळी दवात त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा तंतू: बुरशी. संध्याकाळचं पाणी बंद करा, कापलेलं गवत उचला, आठवडाभर वाट बघा. तेवढ्याने नाही थांबलं तरच औषध. मधोमध जळालेलं आणि भोवती गडद हिरवी कडी असेल, तर शेजारचं कुत्रं. त्या जागी लगेच दोन बादल्या पाणी ओतलं तर वाचतं.

खताने भाजलेलं ओळखणं सोपं असतं, डाग हात फिरवल्यासारखे पट्ट्यापट्ट्यांत दिसतात. पहिले चार आठवडे युरिया नको. नंतरही ३०० फुटांना दीडशे ग्रॅमच्या वर नाही, तो वाळूत मिसळून फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी. मी हल्ली १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने फवारते, आपल्याकडे ते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं.

कापणी मुळं धरल्यावरच, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त नाही. ते वाढू देऊन एकदम खाली उतरवलं तर खालचे पिवळे देठ उघडे पडतात आणि लोक मला फोन करतात की लॉनला रोग आलाय.

केव्हा टाकावं

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की होळीपर्यंतचे दिवस उत्तम: जमीन कोमट होत असते आणि ऊन अजून चावत नाही. दुसरा हंगाम गणपतीनंतर दसऱ्यापर्यंत, मात्र आधी माती उकरून हुमणी नाही ना हे बघून. पावसाची झड लागलेली असताना काळ्या मातीवर टाकू नका, आणि मे महिन्यात तर टँकर दाराशी उभा असला तरी नको.

एक जागा मात्र मला चौथ्या वेळीही जमली नाही. भिंतीकडच्या आंब्याखाली चार फुटांचा पट्टा आहे, तिथे दिवसातून दीड-दोन तासही ऊन येत नाही. मेक्सिकन सावलीत चालतं म्हणाले, तेही टाकून पाहिलं. कोपरा उचलला, मुळी पांढरी होती, माती चांगली होती, पाणी बरोबर होतं, तरी सप्टेंबरपर्यंत विरळ होत होत संपलं. या उन्हाळ्यात तिथे शहाबादी फरशी टाकली. सासूबाईंची खुर्ची आता तिथेच असते.